तुम्ही विचारलंत म्हणून: युद्ध पेटलं, निकाल लागला, शेअर विकू का?

टीव्हीवर क्षेपणास्त्रं दिसली किंवा कोर्टाचा मोठा निकाल आला की सोलापुरात टॉवेलवाले असोत की नवी पेठेतले दुकानदार, सगळे हेच विचारतात: "मार्केट पडतंय, काढून टाकू का?"

आधी बघा, पडझड कशामुळे झाली. युद्धात पहिल्या दिवशी बाजार बऱ्याचदा घाबरून पडतो. 24 फेब्रुवारी 2022 ला रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि सेन्सेक्स 2,702 अंकांनी आपटला. दुसऱ्याच दिवशी 1,328 अंक परत आले. म्हणून अशा वेळी सेन्सेक्सपेक्षा ब्रेंट क्रूड (जगभरात प्रमाण मानलं जाणारं कच्चं तेल) आणि डॉलरचा भाव बघावा. आपलं 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. ते काही आठवडे चढंच राहिलं तर रंग, टायर, विमान कंपन्यांच्या नफ्याला खरंच कात्री लागते. दोन-चार दिवसांत उतरलं, तर घाईने विकणाऱ्याच्या हाती फक्त तोटा राहतो.

निकालाचं तसं नाही. 24 ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टाने एजीआरच्या (मोबाइल कंपन्यांचं ज्या उत्पन्नावर सरकारी देणं ठरतं ते) वादात दूरसंचार खात्याची बाजू उचलून धरली. व्होडाफोन आयडियाने त्यानंतर जाहीर केलेल्या तिमाहीत 50,921 कोटींचा तोटा दाखवला. भीती ओसरते, देणं ओसरत नाही. त्यामुळे मथळा सोडून आदेश वाचा: लागू कधीपासून, मागच्या वर्षांची वसुली आहे का, अपिलाला वाव आहे का. स्थगितीकडे तर डोळ्यात तेल घालून बघा. 28 मे 2025 ला अमेरिकेच्या व्यापार न्यायालयाने ट्रम्प यांची बरीचशी आयात शुल्कं बेकायदा ठरवली आणि दुसऱ्याच दिवशी अपील कोर्टाने त्या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली. अशा मधल्या तेजीत उडी मारणारे अडकू शकतात.

आपल्या टॉवेलला युद्धाची झळ शुल्काच्या वाटेने लागली. रशियन तेल घेतो म्हणून 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेत भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर गेलं. टेरी टॉवेलवर नेहमीचं 9.1 टक्के आधीच होतं. म्हणजे तेव्हा 100 डॉलरच्या मालावर 59.10 डॉलर शुल्क, पाकिस्तानी मालावर जादा फक्त 19 टक्के. असं झालं की कापड कंपनीच्या शेअरमध्ये एकच आकडा शोधायचा: एकूण विक्रीत अमेरिकेचा वाटा किती. बाकीची चर्चा नंतर.

"स्टॉप-लॉस लावलाय की!" म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला (ट्रिगर) उतरला की आपोआप विकायची ऑर्डर. यावर फार विसंबू नका. शेअर 100 वर, ट्रिगर 95, लिमिट 94.50, आणि रात्रीच्या बातमीने सकाळी भाव थेट 91 ला उघडला, तर ऑर्डर जागी होते पण 94.50 च्या खाली घेणाऱ्याला विकत नाही. भाव 85 ला गेला तरी ती तशीच पडून. ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला विकणारी ऑर्डर असेल तर माल निघतो, पण 91 च्या आसपास. सुनावणीची तारीख ठाऊक असेल तर जो हिस्सा जड वाटतो तो आदल्या दिवशी बाजार बंद व्हायच्या आत हलका करा.