विजार एकच, मग अनेकवचन कशाला?

लेकीच्या वहीत परवा बाईंनी 'ट्राउझर'वर लाल रेघ मारून पुढं 'एस' जोडला. मैदानावर पडून विजार फाटली, एवढंच तिनं लिहिलं होतं. विजार एक, मग 'ट्राउझर्स आर' का, असं तिनं विचारलं तर उत्तर आलं, 'असंच असतं.' रेघ बरोबर होती, माझा राग या उत्तरावर आहे. शिवाय गणवेशाची तीच विजार इथं इंग्लंडात, लेस्टरमधल्या दुकानातून आणली, तेव्हा तिच्या लेबलवर 'स्लिम लेग ट्राउझर' असं एकवचनच छापलं होतं. कपड्यांच्या धंद्यातली इंग्रज माणसं 'अ ट्राउझर' सर्रास म्हणतात. पोरीनं वाचलं तेच लिहिलं.

मी सांगलीच्या शिंप्याची मुलगी. हरभट रोडच्या मागं अण्णांचं दुकान होतं. त्यांच्या मापाच्या वहीत पॅन्टखाली उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम अशी मापं ओळीनं असत. मांडीचं माप एकाच पायाचं. कापड दुमडून कापलं की पुढचे दोन आणि मागचे दोन भाग निघायचे. अण्णा एक पाय शिवून बाजूला ठेवत, मग दुसरा घेत. शेवटी सीटची शिलाई मारली की दोन्ही पाय जोडले जायचे. तोवर मशीनशेजारी पॅन्ट नसायची, दोन सुटे पाय असायचे. शर्टाला बाह्या दोन, पण त्या जोडायच्या एका अंगाला. पॅन्टला असं अंगच नाही.

लेकीला मी हेच सांगितलं. कमरेखालचा जो कपडा दोन पायांत दुभागतो तो इंग्रजीत अनेकवचनी: जीन्स, शॉर्ट्स, टाइट्स. शर्ट, कोट वरचे म्हणून एकवचनी, स्कर्टला पायच नाहीत म्हणून तोही. ब्रासुद्धा वरच्या अंगाची, म्हणून दोन भाग असूनही एकवचनी. मध्ययुगीन युरोपात पुरुष दोन्ही पायांत सुटे 'होज', म्हणजे लांब पायमोजे, चढवून वरच्या कपड्याला नाड्यांनी बांधत, तेव्हा तर वस्तू खरोखर दोन होत्या. जीन्सचं तसं नाही. जेकब डेव्हिस आणि लिव्हाय स्ट्रॉस यांनी रिव्हेटवाल्या, म्हणजे धातूच्या बारक्या खिळ्यांनी पक्क्या केलेल्या, पॅन्टचं पेटंट घेतलं ते 1873 साली, तेव्हा ती अखंडच होती. सवयीनं 'एस' लागला.

ही सवय त्यांनी आपल्या शब्दांवरही चालवली, आणि ते मला अजून खटकतं. पायजमा फारसीतून आपल्याकडं आला, आपण तो एकच ठेवला. इंग्रजांनी नेला आणि 'पजामाज' केला. जोधपूर शहर एक, तिथली घोडेस्वारीची विजार मात्र 'जोधपुर्स'. मुंबईतल्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून त्यांच्या विजारीचं नाव 'डंगरीज' झालं. नावं आपली आणि चुका काढायच्या आपल्याच पोरांच्या!

मराठीत हा घोळ नाही. विजार, चड्डी, लेंगा, सुरवार, सगळं एकेकच. कात्री, चिमटा, चष्माही एक. इंग्रजीत यांचीही अनेकवचनं. केसांचं मात्र उलटं: आपले केस पिकतात, त्यांचा 'हेअर' एकवचनातच पांढरा होतो. तिथं मला आपलंच बरोबर वाटतं, डोक्यावर काय एकच केस असतो?

परवाच व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "आई, आजोबा आला!" मी तिथंच टोकलं. आजोबा आले म्हणायचं. "पण ते एकच आहेत ना?" हो, एकच, पण आपल्याकडं वडीलधाऱ्या माणसाला मानानं अनेकवचन लावतात, तुझ्या बाबांनाही आणि शाळेतल्या बाईंनाही. तिला पटलं, लगेच "आजोबा, जेवलात का?" असं विचारलंही. कारण सांगायला मला अर्धा मिनिट लागला. वर्गातही तेवढाच लागला असता.