चौदा पावलं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

मायनं आज नकाशा बघितला. चष्मा पुसला, कागद उलटा धरला, मी सुलटा करून दिला. मग विचारलं, "मी निजायची कुठं?" मी बोट ठेवलं. "अन् भाईरचं दार?" मी दुसरं बोट ठेवलं. दोन्ही बोटांच्या मधल्या जागेकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग उठून अंगणात गेली, अनवाणी. म्हणाली, "हे किती फूट हाय ते वाच."

मी वाचत गेले, ती चालत गेली. खाटेपासून खोलीच्या दारापर्यंत ८ फूट. पॅसेज ४ फूट. हॉल १६ फूट. तुळशीपाशी जाऊन थांबली.

"चवदा," म्हणाली. "चवदा पावलं होतेत गं. आता पाच हायेत."

नकाशाची घडी घालून फ्रिजवर ठेवली आणि मेथी निवडायला बसली. बास. चार महिन्यांच्या कामावर एवढीच प्रतिक्रिया.

मला लागलं. का लागलं ते अजून कळत नाही, म्हणून लिहायला बसले. लहान मुलानं चित्र काढून दाखवावं आणि आईनं फक्त कागद चुरगळला म्हणून ओरडावं, तसं काहीतरी. एक्केचाळीस वर्षांची बाई मी. शाळेत पोरींना सांगते, कुणाच्या शाबासकीसाठी काम करू नका.

चार महिने आलेखाच्या वहीत चौकोन काढलेत. शाळा सुटल्यावर त्या इंजिनिअरच्या ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेय. ब्रास म्हणजे किती, क्रश सॅन्ड आणि नदीच्या वाळूत फरक काय, दहाची सळई कुठं आणि बाराची कुठं, सगळं शिकून घेतलं, कारण बाई बघितली की भाव वेगळा सांगतात. कर्ज माझ्या नावावर. दादा फोनवर म्हणतो, "तू बघ, तुला कळतं त्यातलं." मला काय कळतं? मी भूगोल शिकवते. पण दादाला पुण्यातून कळत नाही, म्हणून मला कळतं.

आणि स्वयंपाकघर. ओट्याची उंची मायच्या कमरेला मोजून घेतली मी. ३२ इंच ठरली अडीच इंच कमी करून, कारण तिचे खांदे दुखतात. दुकानदार म्हणाला, मॅडम, पुढं विकायला गेलात तर कुणी घेणार नाही. म्हटलं, घेऊ नका. हे तिनं बघितलंच नाही. भांडी घासायला बाहेर मोरी ठेवली, बसून घासता येईल अशी, तीही नाही. मोजली काय तर पावलं.

खरं तर घराचा नकाशा आपल्याकडं स्वयंपाकघरापासून सुरू होतच नाही. हौदापासून होतो. इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बेडरूम किती?" मी म्हटलं, आधी हौद किती हजार लिटरचा ते सांगा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा आम्ही इकडं औशात ड्रम मोजत काढला. ज्यानं तो काढलाय तो घरात झुंबर लावायच्या आधी हौद खोदतो. पुढच्या खोलीखाली १५ हजार लिटरचा बसतोय. वरून टाइल, कोपऱ्यात झाकण. माय त्यावर मात्र खूश होती, मागच्या महिन्यात. म्हणजे तिला काहीच आवडत नाही असं नाही. उगाच म्हणायला नको.

पण लागलं. परत परत तिथंच येतेय मी.

पुढच्या दोन खोल्या पाडायच्याच आहेत, त्याला इलाज नाही. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, त्यांच्यावर स्लॅब टाकता येत नाही. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला दरवर्षी नवीन तडा देऊन जाते. मुरूम लागेपर्यंत खोदून कॉलम उभे करायचे. दोन फुटी भिंतीच्या जागी नऊ इंची आली की प्रत्येक भिंतीमागं सव्वा फूट जागा सुटते हे इंजिनिअरनं सांगितलं, तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "मग दिवळी कशात काढायची?" नऊ इंची भिंतीत दिवळी, म्हणजे दिव्याचा कोनाडा, होत नाही. म्हणजे होते, चार इंचांची, त्यात पणती ठेवली तर वात भिंतीला टेकेल. तो विषय मी तिथंच सोडला.

मोजमाप घ्यायला आला तेव्हा त्या इंजिनिअर पोरानं प्लास्टर खरवडलं आणि विचारलं, "मॅडम, हा सिमेंटचा पट्टा कशाचा? सगळ्या भिंतींना कमरपट्ट्यासारखा फिरवलाय." मी त्याच्याकडं बघत राहिले. मग लक्षात आलं, याचा जन्म ९८चा. भूकंपाचा पट्टा म्हटल्यावर "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि वहीत लिहिलं. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तो पट्टा स्वतः उभं राहून करून घेतला होता. भिंतीत मधूनमधून आरपार जाणारे लांब दगडही बसवून घेतले, दोन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून. आणि माळवद, म्हणजे मातीचं छत, उतरवलं. ते मला चांगलं आठवतं, कारण माती टोपल्यांनी काढताना संपतच नव्हती. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची, जुनी कुणी काढायचं नाही. आजोबांच्या आधीपासून ती साठत आलेली. उन्हाळ्यात काय गार असायचं खाली! तीच माती त्या पहाटे किल्लारीकडं माणसांवर आली.

त्या जागी पत्रे आले. एकतीस सालं माय त्या पत्र्याखाली निजते. एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो, पावसात एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही, तरी मागच्या विटांच्या खोलीत यायला तयार नाही. त्या खोलीवर स्लॅब आहे. कूलर लावून दिला, तो लावते, पण खाट दारापासून हलवत नाही. रात्री आतल्या दाराला कडी घालत नाही, नुसतं लोटून ठेवते. आम्हाला त्याची इतकी सवय झालीय की आम्ही ते बघायचंच बंद केलं. मी तर नक्कीच.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चारही वाजले नव्हते. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती, विसर्जन बघून आलेलो, मी गाढ. मला उचलून कुणी नेलं ते आठवत नाही. अंगणात डोळे उघडले तेव्हा माय दारात उभी होती, आत-बाहेर बघत, दादाचं नाव घेत. दादा माझ्या शेजारीच होता.

मावशीकडचं मी इथं लिहिणार नाही.

तर चौदा पावलं. मी तिच्यासाठी घर काढलं म्हणते, आणि तिची खोली सगळ्यात मागं टाकली. का, तर "शांत राहील, रस्त्याचा आवाज येणार नाही." हे वाक्य माझं नाही, इंजिनिअरचं आहे. मला छान वाटलं म्हणून मी उचललं. पुढं कोण? पुढं हॉल. १६ बाय १२. एवढा हॉल कुणासाठी? आमच्याकडं येतं कोण? समोरच्या काकू येतात, त्या उंबऱ्यावरच बसतात. वर्षातून दोनदा दादा-वहिनी. वास्तुशांतीला शंभरेक माणसं येतील, चप्पल काढतील, वर बघतील, "लई भारी झालंय बघा मॅडम" म्हणतील आणि बुंदी खाऊन जातील. त्या अर्ध्या दिवसासाठी मी सोळा फूट राखलेत. त्यातून मायनं रोज चालायचं.

हे लिहिल्यावर जरा हसू आलं.

नकाशावर तिच्या खोलीत "मास्टर बेडरूम" लिहिलंय. संध्याकाळी फ्रिजवरून कागद काढून तिनं परत वाचला, अक्षर-अक्षर लावून. "मास्तरची खोली," म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "आता कुठले मास्तर." मी उठून कुकर लावला. आप्पांचा चष्मा अजून त्या दिवळीत आहे, हे मला माहीत आहे आणि तिलाही.

आठ वाजता इंजिनिअरला फोन लावला. म्हटलं, मायची खोली पुढं घ्या. तो म्हणाला, कॉलम ठरलेत, आता हलवले तर हौदही हलतो. हौद हलवायचा नाही म्हटलं. मग? मग मीच म्हटलं, तिच्या खोलीला बोळाकडून दार काढा. तीन फुटी बोळ, पण बोळच. तो गप्प झाला. "मॅडम, ती दक्षिण आहे. वास्तूला चालत नाही. आणि त्या भिंतीला तुमचा वॉर्डरोब आहे." वॉर्डरोब! त्या वॉर्डरोबच्या सनमायकाचा रंग ठरवायला मी तीन रविवार घालवलेत. शेवटी जो पक्का केला त्याचं नाव मराठीत सांगायचं तर चुन्यात पडलेली राख.

दादाला सांगितलं तर तो दक्षिणेवर अर्धा तास बोलला. पुण्यात राहून माणूस दिशांना फार घाबरायला लागतो. म्हटलं, दादा, मायच्या खाटेपासून बोळाचं दार तीन पावलांवर येतं. तो थांबला. "तीन?" म्हणाला. मग म्हणाला, "बरं, लोखंडी जाळीचं कर, उंदीर येतील." दक्षिण संपली.

मायला सांगायला गेले तर ती झोपेत होती, की झोपल्याचं दाखवत होती. दार लोटलेलं. पत्रा रात्री गार होताना टक्-टक् वाजतो, तसा वाजत होता. खाटेखाली तिच्या चपला, तोंडं दाराकडं. या चपला कायम अशाच असतात. मी कितीदा सरळ करून ठेवल्या असतील, पोरींना शिस्त लावावी तशा.

तिनं स्वयंपाकघर बघितलंच नाही असं मी वर लिहिलंय. ते खोडत नाही, राहू दे. ओट्याचं कौतुक तिनं करायला हवं होतं, हेही राहू दे. अडीच इंच काही कमी नसतात.

आत्ता फोन वाजला. एवढ्या रात्री इंजिनिअरचा मेसेज: "मॅडम, बोळाचं दार बसतंय. वॉर्डरोब जाईल. चालेल का?"

चालेल लिहिलं. फोन ठेवला, परत उचलला. माझी खोली वर आहे, माझ्याच हट्टानं, पूर्वेची खिडकी हवी म्हणून. विचारलं, "जिन्याला पायऱ्या किती?"

"१८."