पाऊस आणि पावसा

जुलैतला शनिवार होता. पुण्यातल्या एरंडवण्यात एका बंगल्याच्या तळघरात स्टुडिओ आहे, तिथे सकाळी दहाची शिफ्ट होती. एका लघुपटातलं एकच गाणं आणि हातात चार तास. मुळशीकडची एक बाई, भाताची रोपं लावणीला आलेली आणि पावसाचा पत्ता नाही, असा प्रसंग. चाल आधीच झाली होती. संगीतकार माझा जुना मित्र. त्याने ती 'ना ना ना' करत फोनवर गाऊन पाठवली होती आणि मी तिच्यात शब्द बसवले होते:

डोंगराच्या पाठी थांबला पाऊस
कोमेजली हौस शिवाराची

हा देवद्वार छंद, मोठ्या अभंगाचा साचा. चार चरणांत 6, 6, 6, 4 अशी अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. मी बोटांवर मोजून दोनदा खात्री केली होती. ओळी आवडल्याही होत्या. 'कोमेजली हौस' सुचलं त्या रात्री मला चांगली झोप लागली होती.

गायिका तयारीची होती. पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा 'सा'. पहिली ओळ खालून सावकाश चढत जाते आणि 'पाऊस'च्या 'ऊ'वर तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला 'ग', लागतो. तिथे सूर सहा मात्रांच्या दादरा तालाची दोन आवर्तनं धरायचा. म्हणजे 12 मात्रा, आणि मिनिटाला 72 मात्रांच्या लयीत पुरते दहा सेकंद. पहिल्या टेकला 'पाऊस'चा 'पाओस' झाला. दुसऱ्याला शब्द शुद्ध आला पण सूर चेपला. तिसऱ्याला सूरही जमला, मात्र शेवटचा 'स' माइकमध्ये शिट्टीसारखा वाजला. रेकॉर्डिस्टने न बोलता मागे घेतलं.

सात-आठ टेकनंतर ती काचेपलीकडून म्हणाली, "दादा, इथे 'आ' मिळेल का?"

सांगायला लाज वाटते, पण मला आधी रागच आला. शब्द कवीचा आहे, गाणाऱ्याने तो पेलायला हवा, असं मनात आलं. मित्राला माझा चेहरा कळला असावा. त्याने मला आत बोलावलं, हेडफोन दिला आणि म्हणाला, "तू गा. सूर जाऊ दे, पण त्याच उंचीवर 'ऊ' धरून बघ." मी धरला. ओठांचा चंबू, जिभेचा मागचा भाग वर उचललेला, घशात जागाच नाही. मग 'आ' लावून पाहिला आणि जबडा आपोआप खाली आला. वीस वर्षं गाणी लिहितोय, आणि शब्द तोंडात कुठे बसतो हे त्या दिवशी पहिल्यांदा हाताला लागलं.

चूक छंदाची नव्हती. अक्षरछंदात अक्षरं मोजतात, लघु-गुरू, म्हणजे अक्षर आखूड की लांब, हे पाहत नाहीत. कागदावर माझी ओळ चोख होती. पण चाल अक्षरं मोजत नाही. तिला एवढंच हवं असतं की लांब स्वर कुठे आहे आणि तो उघडा आहे की मिटलेला.

मी वही घेऊन बाहेर पडलो. बाहेर धो धो कोसळत होता. म्हात्रे पुलावर जाऊन उभा राहिलो. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, मुठा गढूळ होऊन वाहत होती, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचं कुणीतरी छत्रीतून ओरडून सांगत होतं. आणि मला न आलेल्या पावसाबद्दल लिहायचं होतं. 'सरी', 'धारा', 'मेघा' असे शब्द फिरवून पाहिले, सगळे शोभेचे. त्या बाईच्या तोंडी पाऊसच हवा.

मग लहान मुलं पावसाला कशी हाक मारतात ते आठवलं. मराठीत शब्दाला हाक मारली की तो उघडतो. पाऊस, पावसा. मी पुलाच्या कठड्यावर वही टेकवून मात्रा मांडल्या, लघूची एक, गुरूची दोन. पाऊस: 2, 2, 1. पावसा: 2, 1, 2. बेरीज दोन्हींची पाचच, फक्त दीर्घ शेवटी सरकतो. एरवी आपण 'पाव्सा' असं म्हणून टाकतो, पण गाताना 'व'ला त्याची मात्रा देता येते. नाहीतरी ती बाई पावसाबद्दल कुणाला कशाला सांगेल? तिचं भांडण पावसाशीच आहे. हे मला गोष्ट ऐकतानाच कळायला हवं होतं.

'थांबला'च्या जागी 'थांबशी' बसत होतं, मात्रेला मात्रा. परत येऊन म्हणून दाखवलं. मित्र म्हणाला, "थांबशी कोण म्हणतं रे मुळशीत?" बरोबर होतं त्याचं. मी क्रियापदच काढून टाकलं. 'का रं तू पावसा.' नियमाने 'रं' गुरू, पण बोलीत तो अनुस्वार नुसता लांबवलेला 'अ' असतो, जिभेवर हलका. गायिकेने तो तसाच, ओझरता घेतला.

आता 'हौस'चं यमक मोडलं. आवडती ओळ गेली याचं वाईट वाटलं, पण पाचच मिनिटं. कारण 'पावसा'ला यमक शोधताना 'भरवसा' समोर आला आणि पुढचं आपोआप आलं:

डोंगराच्या पाठी का रं तू पावसा
तुझा भरवसा धरलेला

गायिकेने ते एकदा नुसतं वाचलं. मग म्हणाली, "घेऊ या." तार गंधारावर नुसता 'आ' राहिला, दहा सेकंद. त्या उघड्या आवाजात तक्रारही होती आणि हाकही. रेकॉर्डिस्टने सुरक्षा म्हणून आणखी एक टेक मागितला, पण वापरला पहिलाच.

अंतऱ्यांतलं सगळं 'त्याने' आणि 'तो' मी जिन्यात बसून 'तू'वर आणलं. एका ओळीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, 'मातीत'मधल्या 'त'वर, नुसत्या प्रत्ययावर पडत होती. तीही सरकवली. शिफ्ट पावणेदोनला संपली.

घरी आल्यावर सोमवारी द्यायचं दुसरं गाणं काढलं, खोलीचं दार लावलं आणि वाचायच्या ऐवजी मोठ्याने म्हणून पाहिलं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'ऊन' होतं. त्या गाण्याच्या संगीतकाराला फोन लावला आणि विचारलं, "इथे सूर किती वर जातो?"