आमची वाटचाल : ‘अजून कोड लिहायचा नाही’

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदारांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. सुरुवात बिलिंगपासून झाली. मग स्टॉक आला, जॉबवर्कची चलनं आली, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाल्यावर काही महिने जेवायची फुरसत नव्हती. आमचे बहुतेक ग्राहक टेरी टॉवेल, चादर आणि बाथरोबवाले, थोडे युनिफॉर्म शिवणारे. ऑफिसात माणसं मोजकी. सोलापूरचं पोरगं इंजिनिअर झालं की हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जातं. त्याला आम्ही नावं ठेवत नाही, पण सांगितलं की कोड लिहून देणारे एआय कोडिंग असिस्टंट आले तेव्हा मोठ्या कंपन्यांपेक्षा आम्हालाच त्यांची जास्त गरज होती, ती यामुळे.

सुरुवातीला चॅटमध्ये प्रश्न विचारायचा आणि आलेला कोड आणून चिकटवायचा, एवढाच वापर होता. 2025 पर्यंत असिस्टंट थेट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये शिरून फाइली वाचू, बदलू आणि टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवू लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला आणि तो जगभर पसरला. म्हणजे कोड फारसा न वाचता नुसतं सांगत सुटायचं. सुट्टीच्या दिवशीच्या हौशी कामाला ते ठीक. मजुरीच्या हिशोबाला चालत नाही. विणकराच्या पगारात दहा रुपये कमी पडले तर दिवाणजींच्या टेबलापुढे गर्दी होते, आणि दिवाणजी फोन आम्हाला करतात, असिस्टंटला नाही.

एकदम ‘मजुरीचं मॉड्यूल कर’ म्हटलं तर असिस्टंट झटपट करून देतो. स्क्रीन देखणी, कोडही नेटका. पण जे आपण सांगितलं नाही ते तो स्वतःच्या अंदाजाने भरून टाकतो, आणि तो अंदाज कुठे लपलाय ते वरून दिसत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक प्रोजेक्टमधल्या असिस्टंटसाठीच्या सूचनांच्या फाइलीत पहिली ओळ ठरलेली आहे: अजून कोड लिहायचा नाही. आधी प्रश्न काढ.

हा पहिला टप्पा, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. मजुरीच्या कामात असिस्टंटने काढलेले प्रश्न असे होते: दिवसपाळीच्या कामगाराने सुरू केलेला तागा रातपाळीवाल्याने उतरवला तर मजुरी कुणाची? उचल पगारापेक्षा जास्त असेल तर किती कापायची? मागाचा दर आठवड्याच्या मधेच बदलला तर? हे घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. दिवाणजी कामगारांशी तेलुगूत बोलतात, आमच्याशी मराठीत, आणि नियम सगळे त्यांच्या डोक्यात. “तागा कुणाचा ते बघत नाही हो, पाळी बदलताना मीटर लिहून ठेवतो,” ते म्हणाले. उचलीचं उत्तर त्याहून महत्त्वाचं निघालं. सगळी उचल एकदम कधीच कापायची नाही, घरी न्यायला काहीतरी राहिलंच पाहिजे, बाकी पुढच्या आठवड्यावर. हा नियम कुठल्याच सॉफ्टवेअरच्या पुस्तकात नसतो. असिस्टंटने स्वतःहून लिहिलं असतं तर सगळी उचल कापून पगार शून्य दाखवला असता, आणि गणित म्हणून ते बरोबरही ठरलं असतं.

उत्तरं आली की त्यांची मागणी लिहायची. इथे आम्ही ‘इअर्स’ नावाची पद्धत घेतली. रोल्स-रॉइसमध्ये अ‍ॅलिस्टर मॅविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विमानाच्या इंजिनांच्या कामातून काढली आणि 2009 मध्ये मांडली. अमुक घडल्यावर प्रणालीने तमुक करायचं, एवढा साधा साचा. आम्ही तो मराठीतच लिहितो: ‘जेव्हा उचल पगाराच्या ठरलेल्या हिश्श्यापेक्षा जास्त असेल, तेव्हा तेवढाच हिस्सा कापावा आणि बाकी पुढे ओढावी.’ असिस्टंटला मराठी नीट कळते, दिवाणजींना वाचता येते, आणि शेठ त्यावर सही करतात. सहीशिवाय पुढचा टप्पा नाही.

दुसरा टप्पा आराखड्याचा. टेबलं कोणती, कुठली माहिती कुठे राहणार, रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवायची की कशी. आमचा एक हट्ट असतो: कुठलाही दर तारखेशिवाय साठवायचा नाही. त्याचा फायदा 22 सप्टेंबर 2025 ला दिसला. तोपर्यंत नगाला हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला आणि टॉवेल-चादरीसारख्या तयार मालाला 5 टक्के आणि त्याहून महागाला 12 टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून मर्यादा अडीच हजारांवर गेली, आणि त्यावरच्या मालाला 18 टक्के लागले. साध्या टॉवेलला काही फरक नाही, पण चौदाशेचा बाथरोब 12 वरून 5 वर आला. बरं, आधीच्या बिलातला बाथरोब नंतर परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी. दर तारखेने साठवलेले होते, म्हणून नवीन ओळी टाकल्या आणि काम झालं. गिफ्ट सेटचा प्रश्न मात्र असिस्टंटनेच काढला होता. भाव सेटला लागतो आणि मर्यादा नगावर आहे, तर काय धरायचं? तो आम्ही ग्राहकाच्या सीएंकडे पाठवला. अशा प्रश्नाचं उत्तर यंत्राकडून घ्यायचं नाही.

पुढचे टप्पे पटकन सांगतो. आराखड्यातून छोटी छोटी कामं पाडायची, प्रत्येक कामापुढे ते कुठल्या मागणीसाठी आहे ते लिहायचं, एक काम झालं की गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, एक कमिट (नोंद). प्रत्येक कामाला नवीन सत्र, कारण बोलणं लांबलं की असिस्टंटला सुरुवातीच्या अटींचा विसर पडू लागतो. टेस्ट आधी, कोड नंतर. आणि टेस्ट व कोड एकाच कामात बदलायचा नाही, हे सक्तीने. टेस्ट नापास झाली की कोड दुरुस्त करण्याऐवजी टेस्टच सैल करायची खोड या यंत्रांना आहे. खऱ्या कामगारांची नावं, आधार, बँक खाती असिस्टंटला कधीच दाखवत नाही, खोटी यादी बनवून देतो. शेवटी माणूस कोड वाचतो, आणि पहिले काही पगार दिवाणजींच्या वहीशी ताडून बघतो.

हा सगळा जुना वॉटरफॉलच झाला, म्हणजे एकेक टप्पा संपवत वरून खाली उतरायची पद्धत, असं आमच्याकडचा एक मुलगा म्हणाला. तसं बघितलं तर टप्प्यांची ती उतरंड विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या निबंधातून प्रसिद्ध झाली, पण एकदाच वरून खाली उतरायचं हे धोक्याचं आहे, असं त्यांनी त्याच निबंधात लिहिलं होतं. आम्ही मागे जातो. काम करताना नवीन शंका निघाली की थांबून मागणीचा कागद बदलायचा, पुन्हा सही घ्यायची. 2025 मध्येच अमेझॉनचं किरो आणि गिटहबचं स्पेक किट ही आधी मागणी लिहून मग कोड करायची साधनं याच धर्तीवर आली, त्यामुळे ग्राहकांना समजावणं जरा सोपं गेलं. बिलाच्या छपाईचा समास हलवायचा असेल तर अर्थात हे सोपस्कार करत नाही. तिथे सरळ सांगायचं, बघायचं, संपलं.

यातून एक बदल आमच्या दरपत्रकातही झाला. पूर्वी पैसे स्क्रीनमागे लावायचो. आता पहिल्या टप्प्याचे, म्हणजे प्रश्न आणि मागणीच्या कागदाचे, पैसे वेगळे घेतो, आणि ते घासाघीस करून कमी करत नाही. “नुसत्या कागदाचे पैसे काय बे?” असं एका ओळखीच्या कारखानदाराने तोंडावर विचारलं. आम्ही सांगितलं, अण्णा, कागद तुमचाच. पटला नाही तर कुणाकडूनही कोड करून घ्या. एक ग्राहक खरंच तसा कागद घेऊन दुसरीकडे गेला, आमची हरकत नव्हती. अण्णांनी मात्र पैसे दिले, आणि सध्या त्यांच्या डाइंगच्या लॉटचे प्रश्न काढायचं काम चालू आहे. रंगाच्या मास्तरांची गाठ पडायची आहे, तोवर कोडची एक ओळही लिहिलेली नाही.