पाय घसरला, हे कारण नव्हे

सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला गेलेल्या कोणाचा मृत्यू झाला की बातमीत ‘पाय घसरून’ किंवा ‘तोल जाऊन’ एवढेच कारण छापून येते. ट्रेक नेणाऱ्याला त्यातून काहीही शिकता येत नाही. पाय नेमका कुठे घसरला, त्या वेळी पुढे कोण होते, उशीर कशामुळे झाला होता आणि परत फिरायचे कोणी ठरवायचे होते, हे कळले तरच पुढच्या गटाला त्याचा उपयोग होतो.

मी हे ताम्हिणीजवळच्या अंधारबनात शिकलो, तेही उशिरा. पिंपरी या घाटमाथ्यावरच्या गावाहून भिऱ्याला उतरणाऱ्या त्या वाटेवर जुलैतल्या एका रविवारी आम्ही 38 जण होतो. एका ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर होते. निम्मा गट पलीकडे गेला आणि ते चहासारखे गढूळ होऊन त्यातून पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या. वर जोराचा पाऊस झाल्याची ती खूण मी ओळखली होती, तरीही उरलेल्यांना हात धरून साखळी करायला सांगितले. मधल्या एका मुलीचे दोन्ही पाय पाण्याने उचलले. सोबतच्या स्थानिक वाटाड्याने तिच्या सॅकचा पट्टा धरला म्हणून ती वाचली. तिला खरचटलेही नाही, आणि म्हणूनच मी त्याविषयी कोणाशी बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या एका गटाच्या लीडरने त्याच ओढ्यावरचा तसाच प्रसंग मला सांगितला, तेव्हा माझ्या गप्प राहण्याची मला फार लाज वाटली.

त्या रात्री मी सारे लिहून काढले. लिहिताना ध्यानात आले की खरे कारण ओढ्यात नव्हतेच. आमची बस आम्हाला पिंपरीत सोडून भिऱ्याला गेली होती, त्यामुळे परत फिरणे म्हणजे इतक्या जणांना भर पावसात वाहनाविना ठेवणे होते, आणि हा दबाव माझ्या प्रत्येक निर्णयावर सकाळपासूनच होता. आता गावातला कोणी पुढे जाऊन पाणी पाहून येईपर्यंत आम्ही बस पिंपरीतच थांबवतो.

इंग्लंडमध्ये लाइम बे येथे 22 मार्च 1993 रोजी एका साहसी खेळांच्या केंद्राने नेलेल्या कयाक (वल्ह्याची छोटी होडी) सहलीत चार शाळकरी मुलांचा मृत्यू झाला. त्या केंद्रातून आधीच्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या दोन प्रशिक्षकांनी तिथल्या असुरक्षिततेबद्दल व्यवस्थापकाला लेखी इशारा दिला होता. पत्र पोहोचले होते, बदल झाला नाही. त्या मृत्यूंनंतर 1995 मध्ये तिथे अशा केंद्रांसाठी कायदा आला. हे प्रकरण वाचल्यापासून नुसत्या नोंदीवर माझे समाधान होत नाही. आमच्या वहीत प्रत्येक नोंदीसमोर काय बदलले आणि ते कोणी पाहिले, हेही लिहावे लागते.

आपल्याकडचे लीडर लिहीत नाहीत त्यामागे बदनामीची आणि पोलीस चौकशीची भीती असते. ती खोटी नाही. पण निदान थोडक्यात टळलेले प्रसंग, ज्यांत कोणावर गुन्हा नोंदवण्यासारखे काही घडलेले नसते, ते नावे वगळून एकमेकांना सांगायला काय हरकत आहे? अंधारबनात या पावसाळ्यात गट नेणाऱ्या कोणालाही माझी ती नोंद मी पाठवीन. ओढ्याची जागा, पाण्याची उंची आणि माझी चूक, तिन्ही तिच्यात आहेत.