एका बिटानं खाल्लेले दोन रविवार

सापडला! एकाच पेनड्राइव्हच्या दोन इमेजचे (बिट-बिट हुबेहूब प्रतींचे) हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे डिजिटल ठसे, जुळत नाहीत म्हणून मागच्या वेळी रडत होतो ना, तो चोर सापडला.

आतेभावाचा तोच १६ जीबीवाला, फाइल सिस्टिम फॅट३२. पहिली इमेज केन या फॉरेन्सिक लिनक्सवर बूट करून गायमेजर या इमेज काढायच्या प्रोग्रामनं घेतली होती, दुसरी आठवड्यानं घरच्या साध्या उबुंटू लिनक्सवर. आधी केबलवर संशय, मग बॅड सेक्टरवर, शेवटी नागपूरच्या उन्हावर. भर दुपारी पेनड्राइव्ह कूलरसमोर धरून केनवर तिसरी इमेज काढली. आई बघून गेली, काही बोलली नाही. तिसरीचा हॅश दुसरीशी तंतोतंत जुळला. तिथंच ट्यूब पेटायला हवी होती: वाचनात गडबड असती तर तिसरा हॅश आणखी वेगळा आला असता. म्हणजे ड्राइव्हच बदललेला.

मग सीएमपी चालवला, दोन फाइली बाइट-बाइट ताडून बघणारी कमांड. पहिल्या दोन इमेजमध्ये फरक फक्त एका ओळीचा: १०४८६४२, ०, १. म्हणजे १०४८६४२ व्या बाइटला पहिलीत ०, दुसरीत १. पार्टिशन सेक्टर २०४८ ला सुरू, गुणिले सेक्टरचे ५१२ बाइट म्हणजे १०४८५७६. वजा जाता ६६. सीएमपी एकपासून मोजतो, म्हणून पार्टिशनच्या सुरुवातीपासून शून्यानं मोजलं तर ऑफसेट ६५. फॅट३२ ची 'डर्टी' खूण, म्हणजे 'ड्राइव्ह अजून नीट बंद केलेला नाही'! उबुंटूनं लावताक्षणी आपणहून माउंट करून (वापरायला जोडून घेऊन) ती उठवली. नीट इजेक्ट केला असता तर पुसलीही असती, पण मी तसाच उपटला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात पहिला हॅश लिहून दिला असता, तर समोरच्या वकिलानं सोलून काढलं असतं.

राइट ब्लॉकरसाठी (ड्राइव्हवर काही लिहूच न देणाऱ्या उपकरणासाठी) नागपूरच्या बर्डी बाजारात फिरलो. 'आहे ना भाऊ' म्हणून एकानं हार्डडिस्क यूएसबीला जोडायचा साधा साटा-टू-यूएसबी अडॅप्टर काढून दिला. खऱ्याची किंमत बघून घरी आलो. सध्या ऑटोमाउंट बंद, वर युडेव्हचा (लिनक्समध्ये नवं उपकरण ओळखणाऱ्या व्यवस्थेचा) रूल टाकून यूएसबी ड्राइव्ह आल्याआल्या रीड-ओन्ली. नुसतं ड्राइव्ह रीड-ओन्ली करणारी ब्लॉकडेव्ह सेटआरओ कमांड देऊन चालत नाही, आपण टाइप करेपर्यंत माउंट झालेलं असतं.

आता डिलीट फोटोंचं कार्व्हिंग (कच्च्या डेटातून फाइली शोधून काढणं) करणार होतो, पण लिहिता लिहिता आठवलं: लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम रीड-ओन्ली माउंट केली तरी जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, रिप्ले होऊन ड्राइव्हवर लिहिलं जातं, नोलोड हा पर्याय दिल्याशिवाय. आधी तेच बघतो. कॉपी चालू असताना ड्राइव्ह उपटायचा, मग नोलोड देऊन आणि न देता, दोन्ही तऱ्हांनी माउंट करून हॅश घ्यायचे. फोटो थांबतील.

आतेभाऊ पेनड्राइव्ह परत मागतोय. सांगितलं, मुद्देमाल जप्त आहे.