बोगद्यातलं मिनिट

बदलापूरहून सीएसएमटीला फास्ट लोकलने साधारण दीड तास लागतो. गेली १८ वर्षं लेडीज डब्यातल्या एकाच खिडकीपाशी आम्ही सात-आठ जणी बसतो. एकीच्या मांडीवर निवडायची मेथी असते, एकीचं विणकाम, आणि मतं सगळ्यांकडे.

आमटीत गूळ घालायचा की नाही, हे आमचं सगळ्यात जुनं भांडण. बँकेतली ताई अकोल्याची. तिच्या मते गूळ घातलेली आमटी जेवणानंतर वाटीत द्यावी, खिरीसारखी. मावशी चिपळूणच्या. त्या म्हणतात, "तुझ्या हातचं खाऊन जावयाच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याला तू प्रेम समजतेस." अख्खा कप्पा हसतो. दुसऱ्या दिवशी ताईच्या डब्यात मावशींसाठी वेगळी, कमी तिखटाची भाजी असते.

आमच्यातली एक अंबरनाथची. तिथे गाडीत चढायला जागा नसते, म्हणून ती आधी उलटी बदलापूरला येते आणि बसून परत निघते. याला आमच्याकडे डाऊन करून येणं म्हणतात, आणि त्यावरून डब्याडब्यांत खरी भांडणं होतात. बदलापूरच्या बायकांना वाटतं आमच्या सीटा गेल्या, अंबरनाथच्या म्हणतात आम्हीही पासाचे पैसे भरतो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला कडक आवाजात विचारलं, "तुम्ही इथल्या का?" मावशी पटकन म्हणाल्या, "अगं, लेक आहे ती बदलापूरची. रोज सकाळी माहेरी येते." झालं, तेव्हापासून ती माहेरवाशीण. सरकून बसायला तिला कुणी नाही म्हटलं नाही. मला आजही वाटतं, त्या एका वाक्याने जे साधलं ते कितीही नियम सांगून साधलं नसतं.

दिव्याच्या पुढे, ठाण्याच्या अलीकडे पारसिकचा बोगदा आहे. १९१६ सालचा, जवळजवळ १.३ किलोमीटर लांब. पूर्वी फास्ट गाड्या त्यातूनच जायच्या. आत शिरलं की असा आवाज व्हायचा की शेजारणीचंही ऐकू येत नसे. वाद कितीही रंगलेला असो, तोंडं मिटायची. मिनिटभराने उजेड यायचा तेव्हा निम्मा राग उतरलेला असायचा, आणि कुणीतरी भलतंच काहीतरी बोलून हसवायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. बोगदा मेल-एक्सप्रेस गाड्यांकडे गेला आणि आमची गाडी मुंब्र्याकडून जायला लागली. आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. मग मावशींनी पद्धत पाडली. निवडणुकीवरून, पोरांच्या मराठी-इंग्रजी शाळेवरून, कुणाच्या सुनेवरून आवाज चढले की त्या हात वर करून म्हणतात, "बोगदा!" मिनिटभर सगळ्या गप्प. ही पद्धत मला फार जिव्हाळ्याची आहे.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्या दिवशी चार जण गेले. दुसऱ्या दिवशी गाडी मुंब्र्याजवळ आली तेव्हा कुणी भांडत नव्हतं, तरी मावशी हळूच म्हणाल्या, "बोगदा." त्या मिनिटात मला फक्त चाकांचा आवाज आठवतो.

तोवर दारात उभ्या राहणाऱ्या एका मुलीला आम्ही "दारातली राणी" म्हणायचो. वारा खायला उभी राहते, केस उडवते, असं काहीबाही. तीही हसायची. १० जूनला मी पहिल्यांदा तिला विचारलं, आत का येत नाहीस? ती म्हणाली, "काकू, मला ठाण्याला उतरायचंय. आत आले तर डोंबिवलीची गर्दी मागे भरते, मग उतरायला मिळत नाही. दोनदा घाटकोपरला गेलेय." किती महिने आम्ही तिच्यावर हसत होतो आणि एकीनेही हे विचारलं नव्हतं. हे मला अजून टोचतं. मावशींनी माहेरवाशिणीला थट्टेनेच आत घेतलं होतं. आम्ही थट्टेनेच हिला दारात ठेवलं.

आता वाद बंद दरवाजांचा आहे. साध्या लोकललाही आपोआप मिटणारे दरवाजे बसवणार, हवेसाठी दारांना झडपा आणि छतावर वायुवीजनाची सोय करणार, असं रेल्वेने अपघातानंतर सांगितलं. ताई म्हणते, दरवाजे हवेतच, आज हवेत. माहेरवाशीण म्हणते, दार मिटेपर्यंत गाडी थांबली तर प्रत्येक स्टेशनात उशीर होणार, आणि जी चढू शकली नाही तिचं काय? मला दोघींचंही पटतं, पण एक निवडायचं तर मी दरवाजे निवडेन. सोबत गाड्याही वाढवाव्या लागतील, नाहीतर आतली गर्दी फलाटावर येईल, एवढंच.

दारातल्या मुलीचं आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. ती कल्याणला चढली की पर्स हातोहात आत येते आणि तिला आमच्याकडची चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर सरकून केलेली जागा, मिळते. डोंबिवली गेली की आम्ही तिला उठवतो आणि एकेक जण "ठाणा आहे, ठाणा आहे" म्हणत तिच्यासाठी वाट करतो. काल तिने आमटी आणली होती. गूळ घातलेली. ताईने दोन वाट्या घेतल्या आणि मावशींकडे बघून म्हणाली, "आज बोगदा."